भांडण न होणं आणि भांडण मिटणं

"आम्ही मुलांसमोर कधी आवाज चढवत नाही," असं अभिमानाने सांगणारे आईबाप मुंबईत पैशाला पासरी भेटतील. त्यांचा संयम खरा असतो. पण भांडण न होणं आणि भांडण मिटणं यांची ते सर्रास गल्लत करतात, आणि भोगतात पोरं.

आरडाओरडा, आदळआपट मुलांना वाईट, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात शिरत नाही. हात उगारला जात असेल तर विषयच निराळा. तिथे समेटाच्या गप्पा नकोत, सरळ मदत घ्यावी.

घोळ होतो तो अबोल्यात. लालबाग-परळच्या वन रूम किचनमध्ये अबोला लपवायला दुसरी खोली नसते. बाबा कामावरून येतात, आई ताट वाढून ओट्यावरच ठेवते आणि पोराला म्हणते, "बाबांना सांग, उद्या गॅसवाला येणार आहे." बाबा तिथेच, हाताच्या अंतरावर. "आईला सांग, पैसे डब्यात ठेवलेत." याला लोक घरातली शांतता म्हणतात! पोराला असं निरोप्या करणाऱ्यांची मला मनस्वी चीड आहे. नवरा-बायकोतला ताण मुलाला मध्ये ओढून कसा वळवला जातो, हे कुटुंबोपचाराचे (फॅमिली थेरपीचे) तज्ज्ञ साल्वाडोर मिनुचिन यांनी कधीच दाखवून दिलंय.

"मुलांना काय कळतंय?" सगळं कळतं. पॅट्रिक डेव्हिस आणि मार्क कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये भावनिक सुरक्षिततेचा सिद्धान्त मांडला. आईबापांची जुंपली की मूल अंदाज घेत असतं: आपलं घर शाबूत राहणार ना? कमिंग्ज यांच्या प्रयोगांत मोठ्यांचा मुका रागही मुलांना अस्वस्थ करत होता. भांडण मिटलेलं दिसलं की ती अस्वस्थता बरीच उतरायची. दाराआड मिटवून नंतर तसं सांगितलं, तरी फरक पडायचा.

आणि बोलणं सुरू झालं म्हणजे मिटलं, असंही नाही. चार दिवसांनी "चहा टाकू का?" एवढ्यावर अबोला सुटतो, मूळ मुद्दा तसाच कुजत राहतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा वर येतो. मिटणं म्हणजे काहीतरी ठरणं. ते ठरलं की मुलाला दोन वाक्यांत सांगावं: "आजीच्या दवाखान्याच्या पैशांवरून आमचं वाजलं होतं. अर्धे आम्ही देणार, अर्धे आत्या. मिटलं आता." पैशाचा तपशील गाळायचा तर खुशाल गाळा, पण शेवटचं वाक्य सांगाच.