कॅनडात इंटरनेटचा दर सांगण्याआधी पत्ता का विचारतात?

कॅनडात घरच्या इंटरनेटचा दर बघायला कुठल्याही मोठ्या कंपनीची वेबसाइट उघडा, ती आधी तुमचा पत्ता विचारते. निदान पोस्टल कोड तरी. भारतातून नव्याने गेलेल्या माणसाला हे खटकतं. ब्रॅम्प्टनला बेसमेंट भाड्याने घेतलेला मराठी मुलगा पहिल्या आठवड्यात ओळखीच्यांना विचारत सुटतो, "तुझ्याकडे कितीला पडतं?" कॅल्गरीचा मित्र एक आकडा सांगतो, मॉन्ट्रियलचा दुसरा, रिजायनाचा तिसरा. कंपन्यांची नावंही प्रत्येकाची वेगळी. दरांचे तक्ते शेजारी ठेवून फारसं काही हाती लागत नाही, कारण तिथला दर घरापर्यंत कोणाची तार आली आहे यावर ठरतो. आणि ती तार कोणाची, हे बऱ्याच ठिकाणी शंभर वर्षांपूर्वीच ठरून गेलं आहे.

टेलिफोन हे आपलंच अपत्य, असं कॅनडाचे लोक मानतात. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे आईवडील ओंटारियोतल्या ब्रँटफर्डजवळ राहत. टेलिफोनची कल्पना १८७४ च्या उन्हाळ्यात आपल्याला तिथे सुचली, असं बेल स्वतः सांगत. ऑगस्ट १८७६ मध्ये ब्रँटफर्ड आणि जवळचं पॅरिस नावाचं गाव यांच्यामधल्या तारेवरून माणसाचा आवाज गेला. १८८० मध्ये संसदेने कायदा करून बेल टेलिफोन कंपनी ऑफ कॅनडा स्थापन केली. पाच वर्षांत बेल यांचं कॅनडातलं पेटंट रद्द झालं आणि गावोगावी लहान कंपन्या निघाल्या. बेल कंपनीने मग जिथे पैसा होता ते ओंटारियो आणि क्वेबेक घट्ट धरून ठेवलं आणि अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांतून पाय काढता घेतला.

पश्चिमेकडच्या गव्हाच्या प्रांतांत वेगळंच घडलं. तिथे शेतं मैलोन्‌मैल, घरं विरळ. अशा ठिकाणी खांब रोवणं कंपनीला परवडेना आणि शेतकऱ्यांचा संताप वाढत गेला. शेवटी सरकारांनीच टेलिफोन हातात घेतला: १९०८ मध्ये मॅनिटोबा आणि अल्बर्टा, १९०९ मध्ये सास्काचेवान. तिथलं बेलचं जाळं त्या-त्या सरकारने विकत घेतलं. सास्काचेवानच्या खेड्यांत तर शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या छोट्या टेलिफोन कंपन्या चालवल्या. साखर कारखाना नि दूधसंघ पाहिलेल्या आपल्या माणसाला हे लगेच कळेल. सास्कटेल ही सरकारी कंपनी आजही आहे, आणि रिजायना ही सास्काचेवानचीच राजधानी, म्हणून तिथल्या मित्राचं बिल तिचंच.

दर ठरवण्याचं काम १९०६ मध्ये रेल्वे आयुक्तांच्या मंडळाकडे आलं. ऐकायला विचित्र वाटतं, पण मालवाहतुकीचं भाडं ठरवणारी तीच एक यंत्रणा सरकारपाशी होती. तिथून जी घडी बसली ती ऐंशीएक वर्षं टिकली: लांबचा कॉल महाग, गावातला स्वस्त. लांबच्या कॉलवर कमावलेल्या पैशातून घरचं कनेक्शन स्वस्त ठेवायचं. गावातल्या कॉलला तर मोजणीच नव्हती. महिन्याचं ठरावीक भाडं भरा आणि दिवसभर बोला. आपल्याकडे घरोघरी फोनवर तीन मिनिटांचं भान असायचं आणि वडील घड्याळाकडे बघत बसायचे, त्या काळात तिथली पोरं तासन्‌तास रिसीव्हर कानाला लावून असत. पुढे डायल-अप इंटरनेट आलं तेव्हा ही सवय कामी आली, कारण मोडेम रात्रभर चालू राहिला तरी फोनचं बिल तेवढंच.

दुसरी तार आली ती टीव्हीसाठी. सीबीसी या सरकारी प्रसारण संस्थेने कॅनडात टीव्ही सुरू केला सप्टेंबर १९५२ मध्ये. सरहद्दीपलीकडे अमेरिकेत तो आधीच चालू होता, आणि लोकांना तो हवा होता. त्याच वर्षी ओंटारियोतल्या लंडन शहरात एड जारमेन यांनी उंच अँटेना उभारून अमेरिकी वाहिन्या पकडल्या आणि तारेने शेजाऱ्यांच्या घरी पोचवल्या. केबलचा धंदा तिथे असा सुरू झाला. १९६८ मध्ये प्रसारणासाठी सीआरटीसी हा नियामक आयोग आला, १९७६ पासून टेलिफोनही त्याच्या कक्षेत आला. केबलचे परवाने भागाभागाने दिलेले होते, एका भागात एकच केबलवाला. म्हणजे प्रत्येक घरात दोन तारा, दोन्हींवर मक्तेदारी, आणि दोघींनी एकमेकींच्या धंद्यात पडायचं नाही. क्वेबेकमध्ये व्हिडिओट्रॉन, टोरंटोत रॉजर्स, कॅल्गरीकडे शॉ. २००० मध्ये रॉजर्स आणि शॉ यांनी चक्क प्रदेशांची अदलाबदल केली: व्हँकुव्हर शॉकडे, ओंटारियो रॉजर्सकडे. ग्राहकाला त्यात विचारायचा प्रश्नच नव्हता.

मक्तेदारीत मस्ती येतेच. १ जानेवारी १९९५ ला कॅनडात काही नव्या वाहिन्या सुरू झाल्या. रॉजर्सने त्या परस्पर ग्राहकांच्या पॅकेजमध्ये टाकल्या आणि नको असतील तर कळवा, नाहीतर पैसे भरा, असा पवित्रा घेतला. न मागितलेली भाजी पिशवीत टाकून पैसे मागण्याचाच हा प्रकार. लोक असे काही भडकले की त्याच महिन्यात कंपनीला माफी मागून माघार घ्यावी लागली. वाहिन्या सुट्या निवडण्याचा हक्क मात्र मिळायला आणखी वीस वर्षं लागली. सीआरटीसीने २०१५ मध्ये हुकूम काढला आणि १ मार्च २०१६ पासून जास्तीत जास्त २५ डॉलरचं मूळ पॅकेज सक्तीचं झालं. वर्षअखेरपर्यंत बाकीच्या वाहिन्या एकेक किंवा लहान गठ्ठ्यांत विकणंही बंधनकारक झालं. कंपन्यांनी तो नियम पाळला, पण त्याचा गाजावाजा करण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. तोवर लोक टीव्ही इंटरनेटवर बघायला लागले होते.

फोनची मक्तेदारी त्याआधी फुटली होती. जून १९९२ च्या निर्णयाने लांबच्या कॉलमध्ये स्पर्धा आली, १९९७ मध्ये गावातल्या कॉलमध्येही. परदेशी कॉलचं दार मात्र आणखी एका कंपनीच्या ताब्यात होतं: टेलिग्लोब. मूळची सरकारी, १९८७ मध्ये खासगी झालेली. टोरंटोहून पुण्याला आईशी बोलायचं तर कॅनडाकडून टेलिग्लोब आणि भारताकडून व्हीएसएनएल, दोन्ही टोकांना मक्तेदार. त्या काळी फोन लावण्याआधी काय-काय बोलायचं ते लोक कागदावर लिहून ठेवत. टेलिग्लोबची मक्तेदारी १ ऑक्टोबर १९९८ ला संपली, व्हीएसएनएलची एप्रिल २००२ मध्ये. मधल्या काळात देशी वाणसामानाच्या दुकानांत मिठाईच्या काउंटरवर कॉलिंग कार्डं लटकायला लागली. त्यापुढचा भाग मुंबईकराने आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. टेलिग्लोब २००० मध्ये बेलच्या मालक कंपनीने अब्जावधी डॉलर मोजून पूर्ण ताब्यात घेतली आणि दोन वर्षांत हात झटकून मोकळी झाली. दिवाळखोरीतून सावरलेली ती कंपनी पुढे विकत घेतली कोणी, तर तोवर टाटांकडे गेलेल्या व्हीएसएनएलने. सौदा ठरला २००५ मध्ये, सुमारे २४ कोटी अमेरिकी डॉलरना. दोन टोकांचे दोन मक्तेदार असे मुंबईत एका छताखाली आले. तीच आजची टाटा कम्युनिकेशन्स.

मोबाइलची सुरुवात १ जुलै १९८५ ची. दर भागात परवाने दोन: एक रॉजर्सच्या कँटेलला, दुसरा तिथल्या जुन्या टेलिफोन कंपनीला. मोबाइलचे नंबर लँडलाइनसारखेच, त्याच एरिया कोडचे. त्यामुळे फोन करणाऱ्याला आपण मोबाइल लावतोय हे कळायचा मार्ग नव्हता, आणि त्याच्याकडून जास्त पैसे घेता येत नव्हते. मग पैसे घेतले ते फोन घेणाऱ्याकडून. येणाऱ्या कॉललाही मिनिटं कापली जात. भारतात २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला होता. तिथे मात्र लोक संध्याकाळ होण्याची वाट बघत, कारण रात्री आणि शनिवार-रविवारी बोलणं मोफत असे. त्यावर 'सिस्टम ॲक्सेस फी' नावाचा महिन्याला सात डॉलरच्या आसपास आकार. नाव ऐकून पुष्कळांना तो सरकारी कर वाटे. प्रत्यक्षात पैसा कंपनीच्याच खिशात जाई.

नवा गडी आला की मोठ्याने त्याला गिळायचं, ही तर तिथली रीतच झाली. १९९५ मध्ये परवाना मिळालेल्या दोन नव्या कंपन्यांपैकी क्लिअरनेट २००० मध्ये टेलस या पश्चिमेकडच्या टेलिफोन कंपनीने घेतली, फिडो चालवणारी मायक्रोसेल २००४ मध्ये रॉजर्सने. २००८ च्या लिलावात सरकारने नव्या कंपन्यांसाठी स्पेक्ट्रमचा काही भाग राखून ठेवला. एकूण ४२५ कोटी डॉलर आले, आणि विंड, मोबिलिसिटी, पब्लिक मोबाइल ही नावं बाजारात उतरली. विंडमागे इजिप्तच्या ओरॅस्कॉमचा पैसा होता. कंपनी पुरेशी कॅनडियन नाही म्हणून सीआरटीसीने २००९ मध्ये तिला अडवलं, दोनच महिन्यांत मंत्रिमंडळाने तो निर्णय फिरवला. पुढे पब्लिक मोबाइल टेलसकडे गेली, मोबिलिसिटी रॉजर्सकडे, विंड शॉकडे जाऊन फ्रीडम झाली. २०२३ मध्ये रॉजर्सने शॉच गिळली. कर्जासह हा सौदा २,६०० कोटी डॉलरचा. तेव्हा फ्रीडम मात्र व्हिडिओट्रॉनच्या मालकांना विकायला लावली गेली. दुकानात आज दिसणारे फिडो, कूडो, चॅटर, लकी, व्हर्जिन, पब्लिक मोबाइल हे सगळे बेल, टेलस आणि रॉजर्स या तिघांचेच स्वस्त अवतार आहेत. सहा ठिकाणी भाव विचारून आलेला माणूस प्रत्यक्षात तीनच दुकानं फिरलेला असतो.

चौथ्या गड्याचं मोल काय, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मॅनिटोबाचं. तिथली सरकारी टेलिफोन कंपनी १९९० च्या दशकात खासगी झाली, पण एमटीएस या नावाने स्वतंत्र उभी होती, आणि तिथले मोबाइल दर सास्काचेवान वगळता बाकी देशापेक्षा बरेच कमी होते. स्पर्धा आयोगाने हे तपासून मान्य केलं. तरीही २०१७ मध्ये बेलला ३९० कोटी डॉलरमध्ये एमटीएस घेऊ दिली. अट म्हणून काही ग्राहक आणि स्पेक्ट्रम एका नव्या छोट्या कंपनीला द्यायला लावलं. त्या कंपनीची मोबाइल सेवा २०२२ मध्ये बंद पडली. औषधानेच मान टाकली म्हणायचं.

पण म्हणून सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. डिसेंबर २०१३ पासून दोन वर्षांहून लांबचा मोबाइल करार मोडायचा दंड गेला, डिसेंबर २०१७ पासून फोन अनलॉक करायचे पैसे बंद झाले. २०२० मध्ये मधल्या टप्प्यातले, म्हणजे २ ते ६ जीबीचे प्लॅन दोन वर्षांत २५ टक्क्यांनी उतरवा, असं तिन्ही कंपन्यांना बजावलं आणि ते उतरलेही. ज्या माणसाने सप्टेंबर २०१६ मध्ये भारतात जिओचं सिम घेतलंय, त्याला याचं कौतुक वाटणं अवघड आहे, हा भाग वेगळा.

घरच्या इंटरनेटचा झगडा याहून गुंतागुंतीचा. नव्वदीच्या उत्तरार्धात केबलवाल्याने इंटरनेट द्यायला सुरुवात केली, २००५ मध्ये फोनही. टेलिफोनवाला टीव्ही विकू लागला. दोन्ही तारांवर तिन्ही गोष्टी आल्या आणि 'बंडल' जन्मलं. तेव्हापासून इंटरनेटचा खरा भाव किती, हे एकट्याने सांगता येईनासं झालं. तिसऱ्याला नवी तार टाकणं अशक्य, म्हणून सीआरटीसीने मोठ्यांना आपली तार ठरलेल्या घाऊक दराने लहान कंपन्यांना द्यायला लावली. ओंटारियोतल्या चॅटम गावची टेकसॅव्ही ही त्यातली गाजलेली. जानेवारी २०११ मध्ये आयोगाने असा निर्णय दिला की या लहान कंपन्यांच्या ग्राहकांनाही वापर मोजून पैसे पडले असते. मोजणीशिवाय बोलत मोठा झालेला देश खवळला. निषेधाच्या अर्जावर जवळपास पाच लाख सह्या झाल्या, पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारने डोळे वटारले, आणि वर्ष संपायच्या आत आयोगाला दुसरी पद्धत आणावी लागली.

२०१९ मध्ये आयोगाने घाऊक दर बरेच खाली आणले. मोठ्या कंपन्यांनी दाद मागितली, आणि मे २०२१ मध्ये आयोगाने स्वतःचाच निर्णय मागे घेतला. लहान कंपन्यांनी खर्चाची गणितं नव्या दरावर मांडली होती. वर्ष-दोन वर्षांत ईबॉक्स आणि डिस्ट्रिब्युटेल बेलकडे गेल्या, व्हीमीडिया व्हिडिओट्रॉनच्या मालकांकडे म्हणजे क्वेबेकोरकडे, ऑक्सिओ कोजेको या केबल कंपनीकडे. माझ्या मते कॅनडातल्या आजच्या दरांमागे कुठल्याही एका कंपनीच्या लोभापेक्षा हा धरसोडपणाच जास्त आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने ओंटारियो आणि क्वेबेकमध्ये, आणि ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाने देशभर, टेलिफोन कंपन्यांची फायबरही भाड्याने खुली केली. आपल्या मूळ हद्दीबाहेर मोठ्या कंपन्यांनाही ती वापरता येते. लहान कंपन्यांनी यावर ओरड केली, बेलनेही केली. पण २०२५ मध्ये आयोगाने हा नियम कायम ठेवला आणि मंत्रिमंडळाने त्यात हात घातला नाही. १९०८ मध्ये अल्बर्टा सरकारने बेलला आपल्या प्रांतातून हलवून जी टेलिफोन यंत्रणा उभी केली, तिचाच वारस म्हणजे टेलस. ती आता बेलच्या घरच्या अंगणात, टोरंटोत, बेलच्याच फायबरवरून इंटरनेट विकते. दर सांगण्याआधी तीही पत्ता विचारते.