राहत्या घराचे जप्तीपासून संरक्षण

ऋणकोचे (कर्जदाराचे) कुटुंब ज्या घरात राहते ते घर धनकोच्या (कर्ज देणाऱ्याच्या) वसुलीतून, म्हणजे जप्ती व लिलावातून, वगळणारी कायदेशीर तरतूद. अमेरिकेत ती ‘होमस्टेड’ सवलत म्हणून ओळखली जाते. सरकारी जमीन कसणाऱ्याला १६० एकरांपर्यंत देणारा १८६२ चा होमस्टेड कायदा निराळा. नामसाम्यामुळे दोहोंची गल्लत होते. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. येथील संरक्षण मुख्यतः दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मधून मिळते आणि ते घरापेक्षा घरात राहणाऱ्याच्या व्यवसायाला चिकटलेले आहे. ठाणे व नवी मुंबईच्या संदर्भात हाच मुद्दा कळीचा ठरतो.

उगम : अमेरिकी सवलतीचा आरंभ सामान्यतः टेक्सस प्रजासत्ताकाच्या २६ जानेवारी १८३९ च्या कायद्यापासून धरतात. त्याने कुटुंबाची ५० एकर जमीन किंवा शहरातील घरजागा, ५०० डॉलरपर्यंतच्या सुधारणांसह, जप्तीमुक्त केली. कल्पना कोठून आली याबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार तिचे मूळ स्पॅनिश कायद्यात आहे : कास्टिलमध्ये नांगराचे बैल व अवजारे धनकोला नेता येत नसत, आणि टेक्सस मेक्सिकोत असताना कोआविला व टेक्सस राज्याने १८२९ मध्ये वसाहतकऱ्यांच्या जमिनींना पूर्वीच्या कर्जांपासून अभय दिले होते. दुसरे मत १८३७ च्या अमेरिकी आर्थिक मंदीकडे बोट दाखवते. कर्जबाजारी होऊन आलेल्यांना वसवण्यासाठी ही सवलत आली, असे ते म्हणते. अवजारे वाचवणे आणि राहते घर वाचवणे यांतले अंतर पाहता स्पॅनिश वारसा बीजापुरताच मानणे सयुक्तिक वाटते.

भारतीय तरतुदीचे नाते टेक्ससशी जोडण्याचे कारण दिसत नाही. तिची पार्श्वभूमी ग्रामीण कर्जबाजारीपणाची आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला, कर्जरोखे जाळले गेले, आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याच्या कलम २२ ने शेतकऱ्याची स्थावर मिळकत, ती त्याच कर्जासाठी स्पष्टपणे गहाण नसेल तर, जप्तीबाहेर ठेवली. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांपुरता होता. ठाणे जिल्हा त्यात नव्हता. मात्र दंग्यालाच सर्व श्रेय देता येत नाही. १८८२ च्या दिवाणी संहितेत शेतकऱ्याच्या घराच्या सामानाला, म्हणजे वासे, लाकूड, कौले यांना, देशभर सूट होती. १९०८ मध्ये ती घर, त्याखालची जागा व लगतची आवश्यक जमीन इथपर्यंत वाढली. सामान वाचवून घरजागा विकण्यातली विसंगती अशी उशिराच दूर झाली.

कलम ६० : परंतुकाच्या, म्हणजे जप्तीला अपवाद सांगणाऱ्या भागाच्या, खंड (ग) मध्ये मूळात फक्त शेतकरी होता, १९७६ च्या दुरुस्तीने मजूर व घरकामगार आले. ‘शेतकरी’ म्हणजे स्वतः जमीन कसणारा व उपजीविकेसाठी मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर अवलंबून असणारा, मग तो मालक असो, कूळ असो की शेतमजूर. मजुरांत कुशल, अर्धकुशल व अकुशल तिन्ही येतात. घर ऋणकोच्या मालकीचे व त्याच्या वहिवाटीत हवे. भाड्याने दिलेल्या खोल्यांना सूट लागू करणे अवघड. ही सवलत सोडून देण्याचा करार त्याच दुरुस्तीने निरर्थक ठरवला, त्यामुळे कर्जाच्या कागदावर तशी सही घेऊन सावकाराला उपयोग नाही. घराच्याच भाड्याच्या हुकूमनाम्याला (न्यायालयाच्या वसुली-निर्णयाला) मात्र ही सूट आड येत नाही. घर गहाण असेल तर गहाणाच्या हुकूमनाम्याखालील विक्रीलाही ही सूट आड येत नाही, असा न्यायालयांचा सर्वसाधारण कल आहे.

ठाणे व नवी मुंबई : सिडको या नगर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती व मिठागरे गेली, गावठाणातील घरे राहिली. परिणाम विचित्र आहे : तेच घर, तेच आगरी कुटुंब, पण उपजीविका शेतीवर नसल्याने व्याख्येतला शेतकरी उरला नाही. शेतजमीन खरेदीसाठी लागणारा शेतकरी दाखला येथे पुरेसा नाही. तो हक्काचा पुरावा आहे, उपजीविकेचा नव्हे. जमीन गेलेल्यांना परत मिळणाऱ्या साडेबारा टक्के योजनेतील भूखंडालाही ही सूट आपोआप लागत नाही. कोळी मच्छीमार खंडाच्या शब्दांत बसत नाही, मजूर ठरला तरच. उलट वाशीच्या घाऊक बाजारातील माथाडी कामगाराला स्वतःच्या मालकीच्या कोपरखैरणेतील घरासाठी १९७६ ची दुरुस्ती आधार देऊ शकते.

सदनिकाधारकाची स्थिती याहून कमकुवत. गृहकर्जात घरच तारण असते आणि बँक २००२ च्या सरफेसी कायद्याने न्यायालयात न जाता ६० दिवसांच्या नोटिशीनंतर ताबा घेऊ शकते. त्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची मदत मागता येते. वृत्तपत्रांतील ‘ताबा सूचना’ त्याच प्रक्रियेचा भाग आहेत. या कायद्यातही कलम ६० ची सूट जपली आहे, पण त्याच कर्जासाठी बोजा चढवलेली मालमत्ता वगळून. ऋणकोला ४५ दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते.

दिवाळखोरी : मुंबईसाठीच्या १९०९ च्या कायद्यात अवजारे, कपडे, अंथरूण अशा ३०० रुपयांपर्यंतच्या वस्तूच नादाराकडे (दिवाळखोराकडे) राहत. ठाण्याला १९२० चा प्रांतिक कायदा लागू होता. त्यात कलम ६० ची सूट तशीच चालू राहिली. म्हणजे खाडीच्या अलीकडे, ठाण्याच्या बाजूला, शेतकऱ्याचे घर वाचू शकत होते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने बोजारहित (तारण नसलेले) एकमेव घर वगळले आहे, पण व्यक्तींविषयीचा भाग २०१९ मध्ये कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच अंमलात आला. घराच्या किमतीची मर्यादा शहरात २० लाख व ग्रामीण भागात १० लाख रुपये. ठाण्यात या रकमेत बसणारे घर शोधावेच लागेल.

अविभक्त घर : एका भावाचा हिस्सा लिलावात परक्याने घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ च्या तत्त्वानुसार त्याला घरात संयुक्त ताबा मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावल्यास १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ खाली इतर हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत घेऊ शकतात. गावठाणातील सामाईक घरांबाबत ही तरतूद कलम ६० पेक्षा अधिक उपयोगी पडण्याजोगी आहे.