पोकरचा छोटा खेळाडू आणि त्याच्या डावांची नोंद

१ जानेवारी १९९८ रोजी प्लॅनेट पोकर या साइटवर इंटरनेटवरचा खऱ्या पैशांचा पहिला डाव वाटला गेला. टेबल ३ आणि ६ डॉलरच्या ठरावीक बेटचं (पैजेचं) होतं, म्हणजे कॅसिनोत बसणाऱ्यांच्या ओळखीचंच. पुढच्या काही वर्षांत साइट वाढल्या, ब्लाइंड, म्हणजे डाव सुरू होताना दोघांना सक्तीने टाकावे लागणारे पैसे, उतरत उतरत एक-दोन सेंटवर आले आणि खिशात पाच डॉलर असलेल्या माणसालाही हा खेळ मन लावून शिकता येऊ लागला. तो कसा शिकला, हा इतिहास मला मोठ्या विजेत्यांच्या कथांपेक्षा मोलाचा वाटतो. त्याच्या मुळाशी एक साधी मजकुराची फाइल आहे.

कॅसिनोत डीलर तासाला साधारण ३० डाव वाटतो. डाव संपला की पानं पिसली जातात आणि कोणी काय केलं ते फक्त आठवणीत उरतं. आठवण तर आपल्या सोयीची असते. नशिबाने हिरावलेले डाव ठळक राहतात, आपण उगाच केलेले कॉल (समोरच्याइतकेच पैसे टाकणं) विसरले जातात. ऑनलाइन टेबलावर मात्र प्रत्येक डाव लिहिला जातो. कोण कुठे बसलं होतं, कुणाकडे किती चिप्स होत्या, कुणी कधी रेझ केलं (पैज वाढवली), शेवटी कोणती पानं उघडली, हे सगळं ‘हँड हिस्टरी’ म्हणून खेळाडूच्या कॉम्प्युटरवर साठतं. या शतकाच्या सुरुवातीला पोकरट्रॅकरसारखे प्रोग्रॅम आले आणि या फाइली वाचून आकडे काढू लागले.

त्यांतला सर्वांत बोलका आकडा व्हीपिप, म्हणजे १०० पैकी किती डावांत तुम्ही आपणहून पैसे टाकले. ब्लाइंड सक्तीचे, म्हणून ते यात धरत नाहीत. सहा जणांच्या टेबलावर जम बसलेल्या खेळाडूचा व्हीपिप २५ च्या आसपास असतो आणि यातल्या बहुतेक डावांत तो स्वतः रेझ करून उतरतो. सतत हरणाऱ्याचा व्हीपिप ४०-५० दिसतो आणि रेझ जेमतेम ५-७. हे दोन आकडे शेजारी पाहिले की ‘मी तर सांभाळूनच खेळतो’ हा समज टिकत नाही.

२००३ मध्ये टेनेसीचा अकाउंटंट क्रिस मनीमेकर पोकरस्टार्स या साइटवरच्या ८६ डॉलरच्या पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर या स्पर्धामालिकेच्या मुख्य स्पर्धेत पोचला. ८३९ खेळाडूंत पहिला येऊन त्याने २५ लाख डॉलर जिंकले. तीनच वर्षांत त्या स्पर्धेतली संख्या ८,७७३ वर गेली. छोट्या टेबलांवर नवख्यांची रीघ लागली, आणि त्यातल्या बहुतेकांना प्रत्येक डाव शेवटपर्यंत पाहायचा असे. त्या काळात तयार झालेली शिकवण आजही लागू पडते. थोडे डाव खेळा, चांगली पानं आली की भरपूर बेट लावा, आणि जो कधी फोल्डच करत नाही (पानं टाकून डाव सोडत नाही) त्याच्यापुढे ब्लफ करू नका. त्यात एक अडचण होती, साइटचा रेक, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून (पॉटमधून) साइट कापून घेते तो हिस्सा. पॉटमधून कापल्या जाणाऱ्या रेकला कमाल मर्यादा असते, पण छोट्या टेबलावरचे पॉट त्या मर्यादेपर्यंत क्वचितच पोचतात. त्यामुळे ब्लाइंडच्या प्रमाणात सर्वांत जास्त कापलं जातं ते गरीब टेबलावरच.

नशिबाचा हिशेबही इथेच लोकांना पहिल्यांदा नीट मांडता आला. सहा जणांच्या नो-लिमिट (बेटला मर्यादा नसलेल्या) टेबलावर दर १०० डावांच्या निकालाचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून किती भरकटतात त्याचं माप, ढोबळमानाने ९० बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडपैकी मोठा) धरता येतं. १०,००० डावांत ते ९०० होतं. खेळाडू १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड कमावण्याच्या ताकदीचा असेल, तर तेवढ्या डावांत त्याची अपेक्षित कमाई ५०० भरते. म्हणजे अशा दहा चांगल्या खेळाडूंपैकी तिघे १०,००० डावांनंतरही तोट्यात दिसतील. १,००,००० डावांनंतर मात्र शंभरातले चारच. आपण सुधारलो की नाही हे आठवडाभराच्या जिंकण्या-हरण्यावरून ठरवणाऱ्याला हे गणित एकदा तरी कागदावर करायला लावावं, असं मला मनापासून वाटतं.

याच गणितातून पैसे राखण्याची शिस्त आली. क्रिस फर्ग्युसन या व्यावसायिक खेळाडूने २००६ मध्ये फुल टिल्ट या साइटवर शून्यापासून सुरुवात केली आणि फुकट स्पर्धांतून वर येत पुढच्या वर्षी १०,००० डॉलर गाठले. त्याचे मुख्य नियम दोन होते. जवळच्या एकूण रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त घेऊन टेबलावर बसायचं नाही, आणि मोठ्या स्पर्धेत २ टक्क्यांहून जास्त घालायचे नाहीत. पुढे १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने पोकर साइटवर केलेल्या कारवाईनंतर त्याच फुल टिल्टकडे खेळाडूंना परत द्यायला पैसे नसल्याचं उघड झालं. नियम पाळणाऱ्यांचेही पैसे वर्षानुवर्षं अडकले.

नोंदीची ताकद २००७ मध्ये वेगळ्याच कारणाने दिसली. ॲब्सोल्यूट पोकरवर एक खातं इतरांची झाकलेली पानं पाहून खेळत होतं. ते साइटच्या देखरेखीतून उघडकीला आलं नाही, खेळाडूंनीच डावांच्या फाइली तपासून पकडलं.

२०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठातल्या मायकेल बोलिंग यांच्या गटाने दोन खेळाडूंचं लिमिट होल्डेम (ठरावीक बेटचा पोकरचा प्रकार) जवळपास पूर्ण सोडवल्याचं, म्हणजे प्रत्येक स्थितीतली उत्तम चाल काढल्याचं, जाहीर केलं. त्याच वर्षी पायोसॉल्व्हर हा सॉल्व्हर, म्हणजे डाव सोडवणारा प्रोग्रॅम, बाजारात आला आणि घरच्या कॉम्प्युटरवर नो-लिमिटचे डाव सोडवता येऊ लागले. २०१७ मध्ये पिट्सबर्गला लिब्रेटस या प्रोग्रॅमने चार व्यावसायिकांना हरवलं तेव्हा १,२०,००० डाव खेळवले गेले. कमी डावांवर कोणी विश्वास ठेवला नसता. छोट्या टेबलावरच्या खेळाडूने सॉल्व्हरची उत्तरं पाठ करणं मात्र मला फारसं उपयोगाचं वाटत नाही. ती उत्तरं चुका न करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासाठी असतात, आणि दोन सेंटच्या टेबलावर समोरच्याची चूक ओळखूनच पैसे मिळतात.

त्यानंतर नोंदच आखडती घेतली जाऊ लागली. जून २०१९ मध्ये पार्टीपोकर या साइटने टेबलावर आकडे दाखवणारे प्रोग्रॅम बंद केले आणि हँड हिस्टरी उतरवून घेण्याची सोयही काढली. जाणकारांनी नवख्यांना वेचून लुटू नये, हा हेतू रास्त होता. पण आपल्याच चुका तपासू पाहणाऱ्या नवख्याचं साधनही त्यात गेलं.

भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांसाठी साइटवर भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंदी घालणारा कायदा केला आणि आपल्याकडच्या ॲपवरची पैशांची टेबलं उठली. आता मराठी खेळाडूला जवळचं कायदेशीर टेबल म्हणजे पणजीला मांडवीतल्या कॅसिनोंचं. तिथे सेंटचे ब्लाइंड नाहीत आणि डावांची फाइलही मिळत नाही. तासाला ३० डाव धरले तर एक लाख डावांना तिथे ३,३०० हून जास्त तास लागतात.