कृष्णवर्णीय प्रादेशिक इतिहासाची संग्रहालये (अमेरिका) : अर्थसाह्य

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गावांचा, वस्त्यांचा, बंदरांचा आणि शाळांचा इतिहास जपणारी संग्रहालये कोणाच्या पैशावर उभी राहिली व कोणाच्या पैशावर चालतात, याविषयीची ही नोंद. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या मोठ्या संग्रहालयांनी या इतिहासाकडे जवळजवळ पाठच फिरवली होती. त्यामुळे त्याच्या खुणा उरल्या त्या घराघरांतल्या ट्रंकांत, चर्चमध्ये आणि कुटुंबाच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदींत. त्या सांभाळण्याचा पहिला खर्चही याच घरांनी सोसला.

शिकागोत मार्गारेट बरोज या चित्रकार शिक्षिकेने १९६१ मध्ये आपल्या राहत्या घरातच संग्रहालय उघडले. पुढे ते ड्यू सेबल या नावाने ओळखले गेले. डेट्रॉइटमध्ये चार्ल्स राइट या प्रसूतितज्ज्ञाने १९६५ मध्ये संग्रहालयाची संस्था स्थापली. तिचा संसार वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या घरात थाटला गेला. १९६७ पासून एका ट्रेलरमध्ये वस्तू मांडून फिरते संग्रहालयही सुरू झाले, म्हणजे लोक येईनात तर इतिहासच लोकांकडे जाई. १९७८ मध्ये महापालिकेने भाडेपट्ट्याने जागा दिली. इमारतीसाठी शहरातल्या शाळांनी ‘एक वीट विकत घ्या’ ही मोहीम काढली आणि शाळकरी मुलांची वर्गणी व शहराची मदत मिळून ३५ लाख डॉलर जमले. १९८७ मध्ये वास्तू उघडली. ती अपुरी पडू लागली तेव्हा १९९२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारांनी बांधकामासाठी रोखे काढायला कौल दिला आणि १९९७ मध्ये १,२०,००० चौरस फुटांचे आजचे संग्रहालय उभे राहिले. पण त्याची बरीच भिस्त महापालिकेवर होती. शहराची तिजोरी आटली, तशी ही मदतही आटत गेली.

लोकवाट्याची ही रीत जुनी आहे. व्यापारी ज्यूलियस रोझेनवॉल्ड आणि शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या पुढाकाराने १९१२ ते १९३२ या काळात दक्षिणेकडील १५ राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे ५,००० शाळा बांधल्या गेल्या. गावाने आपला वाटा उचलला तरच निधी, अशी अट होती. रोझेनवॉल्ड निधीने सुमारे ४३ लाख डॉलर दिले, तर गोरगरीब कृष्णवर्णीयांनी सुमारे ४७ लाख. शाळांसाठी सरकारी कर तर ते भरतच होते; म्हणजे एकाच शाळेचे पैसे त्यांनी दोनदा मोजले. यांतल्या ज्या शाळा आज उभ्या आहेत, त्यांतल्या काहींत माजी विद्यार्थ्यांनी स्थानिक संग्रहालये थाटली आहेत.

केंद्र सरकारची नियमित वाट उघडली ती २००३ च्या कायद्याने. वॉशिंग्टनचे राष्ट्रीय आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालय याच कायद्यातून जन्मले, ते २०१६ मध्ये खुले झाले आणि त्याच्या इमारतीचा निम्मा खर्च सरकारने उचलला. लहान संग्रहालयांच्या दृष्टीने मोलाची गोष्ट मात्र दुसरी होती. संग्रहालये व ग्रंथालये यांच्या सेवांसाठी असलेल्या केंद्रीय संस्थेमार्फत कृष्णवर्णीय संग्रहालयांना स्वतंत्र अनुदान देण्याची तरतूदही याच कायद्याने केली. अनुदानासाठी अर्ज लिहायचा, हिशेब ठेवायचा, अहवाल पाठवायचा, तर त्याला माणूस लागतो. जिथे सारा कारभार दोन-तीन स्वयंसेवकांवर चालतो, तिथे ही कागदपत्रेच आडवी येतात.

इमारतीला पैसा मिळतो, रोजच्या खर्चाला मिळत नाही, हे या क्षेत्राचे खरे दुखणे आहे. साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टनचे आंतरराष्ट्रीय आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालय गॅड्सडेन्स व्हार्फ या धक्क्याच्या जागी आहे, जिथे गुलाम करून आणलेली हजारो माणसे उतरवली गेली. ती भूमी मोकळी राहावी म्हणून वास्तू १८ खांबांवर, जमिनीपासून १३ फूट उंच तोलून धरली आहे. महापौर जोसेफ रायली यांनी २००० मध्ये संकल्पना जाहीर केली. शहर व काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग), राज्य आणि खासगी देणगीदार यांच्याकडून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा होऊन दारे उघडायला जून २०२३ उजाडला. उद्‌घाटन खरे तर त्याच जानेवारीत ठरले होते, पण आतली आर्द्रता व तापमान ताब्यात येईना म्हणून ते पुढे ढकलावे लागले. जुना कागद आणि कापड दमट हवेत फार तग धरत नाहीत. हवा कोरडी ठेवण्याचा खर्च रोजचा, आणि त्याच्या नावाची पाटी कोणी देणगीदार भिंतीवर लावून घेत नाही. यासाठी अक्षयनिधी, म्हणजे मुद्दल न मोडता ज्याच्या उत्पन्नावर खर्च चालवता येतो अशी ठेव, हवी. पिढ्यान्‌पिढ्या संपत्ती साठवू न दिलेल्या समाजाच्या संस्थांकडे तीच नसते.

खासगी मदत अलीकडे वाढली. राष्ट्रीय वारसा जतन न्यासाने २०१७ मध्ये कृष्णवर्णीय वारशासाठी कृतिनिधी सुरू केला. धनाढ्य देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी २०२१ मध्ये त्याला २ कोटी डॉलर दिले. मेलन फाउंडेशनने २०२० मध्ये स्मारकांसाठी २५ कोटी डॉलर जाहीर केले. लुइझियानातील व्हिटनी प्लँटेशन या मळ्याचा प्रवास निराळा. जॉन कमिंग्स या वकिलाने स्वतःचे लक्षावधी डॉलर घालून, मालकांच्या हवेलीऐवजी गुलामांच्या आयुष्यावर केंद्रित असे हे संग्रहालय २०१४ मध्ये उघडले आणि २०१९ मध्ये ते ना-नफा संस्थेच्या हाती सोपवले.

मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने अनुदान देणाऱ्या त्या केंद्रीय संस्थेवरच कुऱ्हाड आली आणि एप्रिलमध्ये मंजूर अनुदानेही रद्द झाली. गुलामांनी केलेल्या प्रतिकारावरील प्रदर्शनासाठी व्हिटनीला मिळालेले अनुदान त्यात होते. काही आठवड्यांनी ते परत मिळाले.