कॉर्व्हेटचे पाटे टांग्याचे नव्हेत

बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या मोटारींवरच्या कार्यक्रमाने अमेरिकन गाड्यांची टर उडवली आणि एक समज घट्ट बसला: कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारला टांग्यासारखे पाटे (चाकांचे धक्के झेलणाऱ्या लवचिक पट्ट्या), मग ती वळणार कशी?

ट्रकखाली पाटे लांबीने, थरावर थर असतात. दोन्ही चाकं जोडणारा ॲक्सल त्यांनाच बांधलेला. कॉर्व्हेटमध्ये पाटा आडवा, आणि 1963पासून मागची चाकं स्वतंत्र हलणारी. 1981मध्ये काही गाड्यांना फायबरग्लासचा एकसंध पाटा आला. पोलादी जुडग्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याचं वजन! 2020च्या मॉडेलपासून पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग, म्हणजे वेटोळ्याची स्प्रिंग, आली. गंमत म्हणजे व्होल्व्होच्या नव्या एक्ससी 90 या एसयूव्हीच्या काही गाड्यांनाही मागे असाच आडवा पाटा आहे. तिला कुणी टांगा म्हणत नाही.

कॉर्व्हेटच्या आतल्या स्वस्त प्लास्टिकवरची टीका मात्र रास्त होती.