प्रिंटर जागेवर, नाव यादीत नाही

हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात संध्याकाळी पट्ट्यांची, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदांची, घाई असते. सौदे झालेले असतात, वजनं झालेली असतात आणि लांबून आलेल्या शेतकऱ्याला छापील पट्टी घेऊन गावची गाडी पकडायची असते. अशाच एका संध्याकाळी एका आडत दुकानातून दिवाणजींचा फोन आला. हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये प्रिंटरचं नाव येत नव्हतं. वर्डमध्ये येत होतं, मालकांच्या मोबाईलवरून प्रिंटही निघत होती. फक्त जिथून पट्टी काढायची, तिथली यादी रिकामी. मी पोचेपर्यंत त्यांनी प्रिंटर तीनदा बंद-चालू केला होता, ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकला होता.

प्रिंटर बिघडला असता तर मोबाईलवरूनही कागद आला नसता. पण समोर चार शेतकरी उभे असताना हे सुचत नाही, आणि त्यात दिवाणजींची चूकही नाही. प्रिंटच्या खिडकीतली यादी म्हणजे दुकानातले प्रिंटर, असं आपण सगळेच धरून चालतो. खरं तर ती त्या प्रोग्रॅमला कुणीतरी कळवलेली नावं असतात. हा कळवणारा काळानुसार बदलत गेला, आणि जुना पुरता गेल्याशिवायच नवा येत राहिला.

विंडोजच्या आधी, डॉसच्या काळात, कळवणारा कुणी नव्हताच. प्रत्येक प्रोग्रॅम प्रिंटरची भाषा स्वतः शिकून यायचा. वर्डपरफेक्टसारख्या प्रोग्रॅमबरोबर शेकडो प्रिंटरचे ड्रायव्हर असायचे. आपल्याकडे फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले पट्टीचे, पगाराचे प्रोग्रॅम तर अक्षरं थेट एलपीटी१ या पोर्टवर, म्हणजे प्रिंटरची वायर लागायची त्या जोडणीवर, ढकलायचे आणि डॉट मॅट्रिक्स ती कागदावर ठोकायचा. यादीच नसल्यामुळे नाव हरवण्याचा प्रश्न नव्हता. असे प्रोग्रॅम आजही काही दुकानांत चालतात. नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं, म्हणून 'नेट यूज' ही आज्ञा देऊन एलपीटी१ला येणारा मजकूर शेअर केलेल्या प्रिंटरकडे वळवावा लागतो.

विंडोज ३.० हे १९९० साली आलं आणि हे ओझं प्रोग्रॅमच्या डोक्यावरून उतरलं. ड्रायव्हर एकदाच विंडोजमध्ये टाकायचा, प्रोग्रॅमने फक्त 'कोणते प्रिंटर आहेत?' असं विंडोजला विचारायचं. १९९२च्या विंडोज फॉर वर्कग्रुप्समुळे शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडलेला प्रिंटरही वाटून घेता येऊ लागला. पुढे एनटी घराण्यातल्या विंडोजमध्ये, म्हणजे आज आपण वापरतो त्यात, युजरची खाती वेगळी झाली आणि दिवाणजींच्या अडचणीची मुळी तिथे रुजली. दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा शेअर केलेला प्रिंटर आपण नेहमीच्या पद्धतीने जोडतो तेव्हा ती जोडणी त्या खात्यापुरतीच राहते. कॉम्प्युटर तोच असला तरी दुसऱ्या खात्याला तिचा पत्ता नसतो. त्या दुकानात हिशेबाचा प्रोग्रॅम ॲडमिनच्या वेगळ्या खात्याखाली सुरू होत होता आणि वर्ड दिवाणजींच्या. म्हणून एकाला प्रिंटर दिसत होता, दुसऱ्याला नाही.

तिकडे युनिक्स या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जगात वाट वेगळी होती. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधून आलेली एलपीडी ही नेटवर्कवरून छापण्याची पद्धत १९९०च्या ऑगस्टमध्ये आरएफसी ११७९ या इंटरनेटच्या नियमपत्रात लिहून ठेवली गेली. १९९१ला एचपीने जेटडायरेक्ट कार्ड आणलं. प्रिंटरला स्वतःची नेटवर्कची वायर आणि पत्ता मिळाला. त्या कार्डांनी रूढ केलेलं ९१०० हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून मजकूर आत घ्यायचं दार, आजचे बहुतेक ऑफिस प्रिंटर उघडं ठेवतात, आणि माझ्या अनुभवात याच्याइतकी भरवशाची वाट दुसरी नाही. १९९९मध्ये मायकेल स्वीट यांचं कप्स हे छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर बाहेर आलं. लिनक्सने ते उचललं, २००२ला ॲपलनेही मॅकमध्ये घेतलं.

कप्सचा सर्व्हर आपल्याकडच्या प्रिंटरची नावं नेटवर्कवर थोड्या थोड्या वेळाने ओरडून सांगायचा. बाकीच्या कॉम्प्युटरवरचं कप्स ती ऐकायचं आणि यादी आपोआप भरायची. २०१२च्या कप्स १.६मध्ये ही पद्धत काढून टाकली. तिच्या जागी नेटवर्कवरची उपकरणं आपोआप शोधणारी ॲपलची बॉनजूर ही पद्धत आली, जिचं लिनक्समधलं रूप म्हणजे अवाही. शाळेच्या लॅबमध्ये लिनक्स नवं केलं आणि प्रिंटर गायब झाले, असे प्रसंग तेव्हा घडू लागले. मधली फट बुजवायला कप्स-ब्राउज्ड हा वेगळा प्रोग्रॅम आला. पुढे कप्स यादी मागितल्यावर प्रिंटरच्या तात्पुरत्या रांगा (यादीतल्या नोंदी) तयार करू लागलं, पण जुन्या रीतीने विचारणाऱ्या प्रोग्रॅमना त्या दिसेनात. म्हणून एकाच लिनक्सवर ब्राउझरमध्ये प्रिंटर असतो आणि दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये नसतो. सप्टेंबर २०२४मध्ये कप्स-ब्राउज्डमधली गंभीर सुरक्षा त्रुटी उघड झाली आणि तो बंद करण्याचा सल्ला दिला गेला. सल्ला योग्यच होता, पण ज्यांची यादी त्याच्यावर उभी होती, त्यांची ती ओस पडली.

बॉनजूरची हाक राउटर ओलांडत नाही, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. ती २२४.०.०.२५१ या पत्त्यावर दिली जाते आणि आपल्या नेटवर्कच्या उंबऱ्याशी थांबते. आपल्याकडे दुकानात फायबरचा राउटर खाली असतो आणि माडीवर रेंज येत नाही म्हणून कुणीतरी दुसरा वाय-फाय राउटर आणून जोडतो. तो बहुतेकदा वॅनच्या, म्हणजे बाहेरून इंटरनेट घ्यायच्या, भोकात जोडलेला असतो, म्हणजे माडीवर वेगळंच नेटवर्क तयार होतं. इंटरनेट छान चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. मात्र खालच्या प्रिंटरची हाक वर पोचत नाही. वायर वॅनऐवजी लॅनमध्ये, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या भोकात, घालून त्या राउटरचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद केलं, त्याला स्वतःला वेगळा पत्ता दिला, की दोन्ही मजले एका नेटवर्कवर येतात. गेस्ट वाय-फायवरही हीच अडचण होते, कारण तिथे उपकरणं मुद्दाम एकमेकांपासून तोडलेली असतात.

विंडोजवाल्यांना २०२१ साल आठवत असेल. जुलैमध्ये विंडोजच्या छपाईतली प्रिंटनाइटमेअर ही सुरक्षा त्रुटी गाजली. ऑगस्टच्या अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचे अधिकार लागू लागले, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर ११बीने संपणारा एरर येऊन अनेक जोडण्या तुटल्या. उपाय म्हणून अपडेट काढून टाकण्याची पद्धत पडली होती. मी ते कुणालाही करू देत नाही. शेतकऱ्यांच्या पैशांचा हिशेब असलेला कॉम्प्युटर उघडा टाकण्यापेक्षा प्रिंटर वेगळ्या वाटेने जोडणं कितीतरी बरं.

त्या संध्याकाळी तेच केलं. आधी नोटपॅडमधून एक ओळ छापून पाहिली. मग राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा बांधून घेतला, म्हणजे वीज गेली-आली तरी तो बदलणार नाही. शेअर केलेली जोडणी काढली आणि त्या पत्त्यावर ९१०० पोर्टने प्रिंटर कॉम्प्युटरवरच उभा केला. असा जोडलेला प्रिंटर त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या खात्यांना दिसतो. नाव तरीही आलं नाही. दिवाणजी माझ्याकडे बघू लागले. प्रोग्रॅम उघडाच राहिला होता, आणि असे बरेच प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच यादी वाचतात. तो बंद करून पुन्हा उघडला, नाव आलं, आणि बाकड्यावर बसलेल्या आजोबांची पट्टी पहिली निघाली.