मेकाँग नदी : भूगोल आणि पाण्याचे राजकारण

तिबेटच्या पठारावर उगम पावून चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया व व्हिएतनाम या सहा देशांतून किंवा त्यांच्या सीमांवरून वाहणारी आणि दक्षिण चिनी समुद्राला मिळणारी नदी. लांबी सुमारे ४,३५० किमी. (मोजणीच्या पद्धतीनुसार ४,९०० किमी.पर्यंतचे आकडेही आढळतात), खोरे सुमारे ७,९५,००० चौ. किमी. वर्षाकाठी सरासरी ४७५ अब्ज घनमीटर, म्हणजे आपल्या मापात सुमारे १६,८०० टीएमसी पाणी ती समुद्रात नेते. पाण्याची अशी रेलचेल असूनही तिच्यावरून तंटे आहेत. पाणी किती मिळते हा त्यांतला मुख्य मुद्दा नाही. ते कोणत्या महिन्यात येते, किती झपाट्याने चढते-उतरते आणि सोबत किती गाळ आणते, यावरून खरा वाद आहे.

चीनमध्ये तिला लानत्सांग, तर थाई व लाओ भाषांत मे नाम खोंग म्हणतात. मुखाजवळ फुटणाऱ्या फाट्यांवरून व्हिएतनामी लोक तिला कुऊ लाँग, म्हणजे ‘नऊ ड्रॅगन’ म्हणतात. चिनी टप्प्यात ती अरुंद, खोल दऱ्यांतून वाहते. खोऱ्याचे २१ टक्के क्षेत्र चीनमध्ये असले, तरी एकूण पाण्यात चीनचा वाटा १६ टक्केच आहे. एकट्या लाओसच्या उपनद्या ३५ टक्के पाणी देतात. चिनी धरणांमुळे खाली फरक पडत नाही, असे सांगताना हाच १६ टक्क्यांचा आकडा पुढे केला जातो. तो वार्षिक सरासरीचा असल्याने फसवा आहे. पाऊस संपल्यावर उत्तर थायलंड व उत्तर लाओसमध्ये नदीत जे पाणी असते, ते बहुतेक सगळे वरूनच आलेले असते.

दक्षिण लाओसमध्ये नदी सी फान दोन (‘चार हजार बेटे’) प्रदेशात पसरते आणि खोन धबधब्यांवरून कंबोडियात उतरते. १८६६–६८ च्या फ्रेंच मोहिमेला मेकाँगमार्गे चीनपर्यंत जलवाहतूक नेण्याची आशा होती. ती मुख्यतः याच धबधब्यांपाशी संपली. लाओस-थायलंड सीमाही फ्रेंच अमदानीतली आहे. १८९३ च्या तहाने सयामने (आजच्या थायलंडने) डावा काठ व नदीतील बेटे सोडली, आणि १९२६ च्या करारानुसार बेटांमुळे प्रवाह दुभंगतो तेथे सयामच्या काठाजवळच्या फाट्यातील सर्वांत खोल रेषा ही सीमा ठरली. परिणामी बहुतेक बेटे आज लाओसकडे आहेत.

तोनले साप : नदीच्या वेळापत्रकावर काय अवलंबून आहे, हे कंबोडियातील या सरोवरात स्पष्ट दिसते. नॉम पेन्ह येथे तोनले साप नदी मेकाँगला मिळते. साधारण जूनपासून मेकाँगची पातळी सरोवराच्या वर गेली, की ही उपनदी उलटी वाहू लागते आणि पुराचे पाणी सरोवरात भरते. सरोवर सुमारे २,५०० चौ. किमी.वरून १५,००० चौ. किमी.पर्यंत फुगते; एरवी मीटरभर असलेली खोली आठ-नऊ मीटरवर जाते. काठावरचे जंगल पाण्याखाली जाऊन माशांच्या पिलांना खाद्य आणि आसरा मिळतो. मेकाँग उतरू लागली की प्रवाह पुन्हा फिरतो. तेव्हाचा जलोत्सव, बोन ओम तूक, कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास होतो. ख्मेर पंचांगातील महिन्याचे नावही कार्तिकावरूनच आले आहे.

परतणाऱ्या पाण्याबरोबर मासे खाली निघतात. त्यांना धरण्यासाठी तोनले साप नदीत ‘दाय’ नावाची मोठी थैलीसारखी जाळी ओळीने जागेवर बांधतात. जानेवारीतल्या पौर्णिमेआधीचे काही दिवस सर्वाधिक मिळकतीचे. रिएल नावाची बारीक मासळी आंबवून ‘प्राहोक’ करतात आणि वर्षभर भाताबरोबर खातात. पूर उशिरा आला, कमी चढला किंवा लवकर ओसरला, तर पिलांना वाढायला वेळ मिळत नाही आणि जाळी हलकी निघतात. २०१९ साली असेच झाले : पाऊस लांबला, त्याच जुलैत देखभालीसाठी चीनच्या चिंगहोंग धरणातून विसर्ग घटवण्यात आला, आणि उलटा प्रवाह फार उशिरा सुरू झाला.

धरणे : चीनने मुख्य प्रवाहावरचे पहिले धरण, मानवान, १९९० च्या दशकात पुरे केले, २०२० पर्यंत अशी अकरा मोठी धरणे झाली. त्यांतील श्याओवान (उंची २९२ मी.) आणि नुओचातू ही दोन खऱ्या अर्थाने पाणी धरून ठेवतात. एकट्या नुओचातूचा साठा कोयनेच्या सातपटीहून अधिक आहे. पावसाळ्यात पाणी अडवायचे आणि विजेसाठी कोरड्या महिन्यांत सोडायचे, अशी त्यांची रीत. त्यामुळे खाली पूर घटतो आणि उन्हाळी पाणी वाढते. हे ऐकायला हितकारक वाटते, पण थायलंड-लाओसच्या काठावर उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या वाळूवर भाजीपाला पिकतो आणि उथळ, नितळ पाण्यात खाण्याचे शेवाळ गोळा केले जाते. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी अवेळी चढले, की वाफे आणि शेवाळ दोन्ही जातात.

धरणांपूर्वी नदी वर्षाला सुमारे १६ कोटी टन गाळ आणत असे व त्यातला जवळपास निम्मा चीनकडून येई. जलाशयाच्या तोंडाशीच पाण्याचा वेग मंदावतो आणि जाड वाळू आधी खाली बसते. दरवाजे उघडून बारीक गाळ काही प्रमाणात बाहेर काढता येतो, वाळू सहसा निघत नाही. गाळाविना सुटलेले पाणी पुढचे काठ कापत जाते.

१९९५ चा करार : थायलंड, लाओस, कंबोडिया व व्हिएतनाम यांनी ५ एप्रिल १९९५ रोजी च्यांग राय येथे करार करून मेकाँग नदी आयोग स्थापला. चीन व म्यानमार सदस्य नाहीत. ते १९९६ पासून केवळ संवादभागीदार आहेत. आपल्याकडे कृष्णा-गोदावरीसाठी लवादांनी राज्यवार टीएमसी ठरवले, तसे वाटप इथे झालेलेच नाही. सहावे कलम तीन गोष्टी मागते : कोरड्या ऋतूत दरमहा किमान नैसर्गिक प्रवाह टिकावा, पावसाळ्यात तोनले सापचा उलटा प्रवाह चालू राहावा, आणि नैसर्गिक पुरापेक्षा मोठी शिखरे कृत्रिमपणे निर्माण होऊ नयेत.

पाचव्या कलमात कार्यपद्धती आहे. उपनदीवर प्रकल्प असेल तर फक्त सूचना पुरते. मुख्य प्रवाहातले पाणी खोऱ्यातच वापरायचे असेल, तर पावसाळ्यात सूचना आणि कोरड्या ऋतूत पूर्वसल्लामसलत लागते. खोऱ्याबाहेर न्यायचे असेल, तर पावसाळ्यात सल्लामसलत आणि कोरड्या ऋतूत स्वतंत्र संमती. सल्लामसलतीची मुदत सहा महिने, ती वाढवता येते. पण शेजाऱ्याला नकाराधिकार नाही.

म्हणूनच प्रकल्प कोणत्या रकान्यात बसवायचा, यावर सारा डाव चालतो. लाओसच्या शायाबुरी धरणावर (१,२८५ मेगावॉट) २०११ मध्ये चार देशांचे एकमत झाले नाही. तरी २०१२ मध्ये काम रीतसर सुरू झाले आणि २०१९ पासून तिथली सुमारे ९५ टक्के वीज थायलंड घेतो. खोनजवळच्या ‘दोन साहोंग’ नावाच्या धरणासाठी लाओसने २०१३ मध्ये नुसती सूचना दिली. प्रकल्प एकाच फाट्यावर आहे, मुख्य प्रवाहावर नाही, असा त्याचा दावा होता. पण उन्हाळ्यात माशांना वर चढायला सोयीचा मुख्य फाटा तोच. शेजाऱ्यांच्या आक्षेपांनंतर लाओस सल्लामसलतीला तयार झाला, धरण मात्र थांबले नाही. कंबोडियाने २०२३ मध्ये सुमारे १८० किमी.च्या फुनान तेचो कालव्याची सूचना ‘उपनदी’ म्हणूनच दिली.

शायाबुरीला मत्स्यमार्ग, म्हणजे माशांना धरण ओलांडून वर चढण्यासाठी शिडीसारखी वाट, बांधला आहे. अशा शिड्यांचे तंत्र मुख्यतः उडी मारणाऱ्या मोजक्या जातींसाठी विकसित झाले. मेकाँगमध्ये शेकडो जाती आहेत आणि काही तळाशी राहून प्रवास करतात. शिवाय शिडी चढून प्रश्न सुटत नाही. वर घातलेली अंडी व पिले वाहत्या पाण्यावर तरंगत खाली यायला हवीत. स्थिर जलाशयात ती तळाशी बसतात.

चीन आयोगाशी झालेल्या २००२ च्या समझोत्यानुसार केवळ पूरकाळातील पाणीपातळी कळवत असे. नोव्हेंबर २०२० पासून दोन केंद्रांची माहिती वर्षभर मिळू लागली. धरणांतील साठा आणि विसर्गाचे आगाऊ वेळापत्रक त्यात नसते, आणि काठावरच्या माणसाला नेमके तेच हवे असते.

त्रिभुज प्रदेश : व्हिएतनामचा सुमारे निम्मा तांदूळ इथला. गाळ घटला, नदीपात्रातून वाळूचा बेसुमार उपसा झाला आणि भूजल ओढल्याने जमीनही खचते आहे. पात्र खोल झाल्याने भरतीचे खारे पाणी अधिक आत येते. लिटरमागे ४ ग्रॅम क्षारता ही इथली धोक्याची रेषा मानतात. २०१६ च्या दुष्काळात व्हिएतनामच्या विनंतीवरून चीनने चिंगहोंगमधून जादा पाणी सोडले. २०२० मध्ये खारे पाणी पुन्हा खोलवर शिरले.

भातासाठी खारे पाणी अडवणारे दरवाजे किनाऱ्यालगत बांधले गेले, पण कोळंबीला तेच पाणी हवे असते. २००१ साली बाक लिएउ प्रांतात कोळंबीवाल्यांनी असा एक बांध फोडला. त्यानंतर दरवाजे उघडझाप करण्याच्या वेळा बदलण्यात आल्या : कोरड्या महिन्यांत खारे पाणी आत घेऊन कोळंबी, पावसाने क्षार धुऊन निघाल्यावर त्याच खाचरात भात. रायगडची उघाडी किंवा गोव्याच्या खाजणातली मानस (खाडीच्या बांधातले असेच दरवाजे) ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रीत लगेच कळेल. दोन पिकांच्या मध्ये क्षार धुवायला पुरेसा पाऊस हवा. तो उशिरा आला तर रोपे पिवळी पडतात आणि लावणी पुन्हा करावी लागते.